लोण अडतो कुठे?

सातजणांना लीलया झोपवणारी टीम शेवटच्या तिघांसमोर का गारद होते? विदर्भातल्या मातीच्या मैदानावर सापडलेला 'फिनिशिंग'चा फंडा.

प्रेझेंटेशन मस्त चाललंय. ग्राफ झक्कास, क्लायंट मान डोलावतोय, बॉसचा चेहराही चक्क हसरा. आणि शेवटच्या पाच मिनिटांत, सही होण्याच्या अगदी तोंडावर, सगळ्याची माती! ओळखीचं वाटतंय? वाटणारच. नव्वद टक्के काम फटाफट आणि उरलेल्या दहा टक्क्यांत दमछाक, हा आपल्या पिढीचा कॉमन आजार आहे. औषधासाठी आपण मॅनेजमेंट गुरूंची पुस्तकं आणतो, वीकेंडला वर्कशॉप्स करतो. मला मात्र या आजाराचं सगळ्यात स्वच्छ निदान सापडलं ते वर्धा जिल्ह्यात, कबड्डीच्या मैदानावर. तिथे तर 'निदान' नावाची एक रेषाच असते. तिच्याकडे नंतर येऊ.

एक यार्ड, फक्त एक!

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्या हेल्मेटवाल्या धसमुसळ्या खेळात, बॉल घेऊन समोरच्या गोल-लाइनपलीकडे गेलं की टचडाऊन, थेट ६ पॉइंट्स. गंमत अशी, की मैदानाच्या मध्यावर सुसाट धावणाऱ्या टीम्स या रेषेपासून एका यार्डावर येऊन अडकतात. कॉलेज टीम्सचे कोच तर याच एका दुखण्याने केस उपटत बसतात. कारण साधं आहे. मैदानाच्या मध्यावर बचाव करणाऱ्याला पाठीमागच्या मोकळ्या जागेची धास्ती असते, त्यामुळे तो पांगलेला असतो. रेषेजवळ त्याच्या मागे राखायला उरतात जेमतेम १० यार्ड. मग अकराच्या अकरा पुढे येऊन भिंत उभी करतात. म्हणजे आक्रमण करणारा जितका पुढे सरकतो, तितकी त्याची जागा कमी होत जाते.

१ फेब्रुवारी २०१५ची सुपर बोल फायनल याच एका यार्डासाठी लक्षात राहिली. सिएटल सीहॉक्सची टीम रेषेपासून एका यार्डावर, घड्याळात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, आणि मार्शॉन लिंचसारखा रणगाडा हाताशी. सगळ्यांना वाटलं, आता लिंच घुसणार. सिएटलने पास टाकला, न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने तो मधेच उडवला आणि पेट्रियट्स २८-२४ने जिंकले. लिंचला बॉल का दिला नाही, हा वाद अमेरिकेत आजही चहाच्या, सॉरी, कॉफीच्या कपाबरोबर रंगतो.

हा खेळ आपल्याकडे रुजवायचा प्रयत्नही झाला. २०१२मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला सीझन झाला आणि आपले पुणे मराठाज त्यात चॅम्पियन ठरले. पण खेळ काही आपल्या मातीत मुरला नाही. त्याची तशी गरजही नव्हती म्हणा. शेवटच्या यार्डाचं दुखणं आपल्याकडे आधीपासून आहे. त्याचं नाव लोण.

कुठलं तळेगाव?

तळेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईच्या डोळ्यांसमोर तळेगाव दाभाडे येतं, लोकल ट्रेन आणि एक्स्प्रेस-वेवालं. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर शंकरपटासाठी प्रसिद्ध. मी गेले ते तिसरं. तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. नागपूरहून अमरावतीला निघालेली एसटी कोंढाळी, कारंजा (घाडगे) करत इथे थांबते. इथून एक रस्ता आर्वीकडे जातो, एक आष्टीकडे. हो, १९४२च्या 'चले जाव'मध्ये पोलीस ठाण्यावर चालून जात ज्या गावाने हुतात्मे दिले, तेच आष्टी. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कपाशी आणि तूर. आणि संध्याकाळ झाली की पोरांचा घोळका मैदानावर.

हायवेने असंच पश्चिमेला गेलात, की तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी लागतं आणि पुढे अमरावती. तिथलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासूनचं. याच मंडळाच्या पथकाने १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीत जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली आणि कबड्डी परदेशी प्रेक्षकांनी पाहिली. तेव्हा या भागात कबड्डी टीव्हीवरून आली असं कुणी म्हणालं तर हसू नका, फक्त ही तारीख सांगा.

मी बघायला गेले होते परिसरातल्या एका कॉलेजची टीम. कॉलेजचं नाव देत नाही, पोरांचीही नाही. कारण त्यांनी मला जे सांगितलं ते हरण्याबद्दल होतं आणि नावानिशी हरायला कुणाला आवडतं? सलग दुसऱ्या वर्षी ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आघाडीवर असताना हरले. दोन्ही वेळा गोष्ट एकच. समोरचे तीन उरले, लोण तोंडाशी आला आणि तिथून गाडी रुळावरून घसरली.

"तीन उरेपर्यंत पोरं वाघावानी खेळतात," त्यांचे सर म्हणाले. "अन् तीन उरले की याईचं डोकंच चालत नाही."

गणित उलटं फिरतं

ज्यांची कबड्डी शाळेच्या स्नेहसंमेलनापाशी थांबली, त्यांच्यासाठी चटकन उजळणी. सात विरुद्ध सात. ३० सेकंदांची चढाई. स्पर्श करून एका दमात परत आलात तर गुण तुमचा आणि ज्याला स्पर्श केला तो बाहेर. पकडले गेलात तर तुम्ही बाहेर आणि गुण त्यांचा. शिवाय जेवढे समोरचे बाद होतील तेवढे आपले जिवंत होऊन परत येतात. सातही बाद झाले की लोण, त्याचे २ गुण जास्तीचे.

आता बघा हं. समोर सातजण असताना चढाई करणाऱ्याची चैन असते. समोर सहा किंवा सात खेळाडू असले की बोनस रेषा जिवंत असते. एक पाय हवेत ठेवून दुसरा त्या रेषेपलीकडे टेकवला की एक गुण खिशात, कुणाला हात लावायचीही गरज नाही. समोरचे पाच झाले की हे दुकान बंद. आता गुण हवा तर अंगाला हात लावावाच लागणार.

समोरचे तीन किंवा कमी झाले, की आणखी एक भानगड. आता पकड झाली तर ती 'अव्वल पकड', म्हणजे प्रो कबड्डीने घराघरांत पोचवलेला सुपर टॅकल. एकाच्या जागी दोन गुण. त्यात पुन्हा त्यांचा एक गडी जिवंत होऊन परत येतो आणि आपला चढाईपटू, जो बहुतेक वेळा आपला स्टार असतो, बाहेर जाऊन बसतो. चढाई जमली तर मिळकत एका गुणाची, फसली तर फटका दोन गुणांचा, वर खेळाडूंचा हिशेबही उलटा. शेअर बाजारात असा सौदा तुमचा ब्रोकरसुद्धा करू देणार नाही.

आणि उरलेले तिघे असतात कोण? हा मुद्दा मला सरांनी जमिनीवर रेघोट्या मारून समजावला. चढाईला येणारे त्यांचे खेळाडू आपल्या अंगणात येतात, म्हणून त्यातले बरेच आधी पकडले जातात. मागे राहतात ते कोपऱ्यातले, घोट्याला हात घालणारे. म्हणजे आपल्याला वाटतं समोरचा कमजोर झाला. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्यांचे सगळ्यात चिवट पकडवाले तेवढे शिल्लक असतात.

हे तिघे घाई करत नाहीत. मागच्या रेषेला टेकून उभे राहतात आणि ३० सेकंद जाऊ देतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. तिच्यात गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. म्हणजे तिसऱ्या वेळी तुम्ही येणारच, आत शिरणारच, हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं.

रेषा पुढे नाही, मागे आहे

अमेरिकन फुटबॉल आणि कबड्डीतला खरा फरक इथे आहे. तिथे जिंकायची रेषा समोर असते. कबड्डीत समोर जायचं ते काम करायला, पण जिंकायची रेषा पाठीमागे, स्वतःच्या घरच्या दिशेला. मध्यरेषेपासून शेवटची रेषा साडेसहा मीटरवर. मागे टेकून उभ्या असलेल्या तिघांना गाठायचं तर तुम्हाला जवळपास तेवढं आत जावं लागतं आणि तेवढंच परत यावं लागतं, तेही दम न सोडता. सातजण असताना कुणीतरी पुढे आलेला असतो, जाता जाता बोट लागून जातं. तिघांच्या वेळी तसं फुकटचं काही नसतं.

शेवटच्या वर्षाला असलेला एक चढाईपटू मला म्हणाला, "ताई, तीन उरले की बाहेरून सगळे वरडतात, लोण, लोण! मंग मले काहीच ऐकू येत नाही. वाटते, एकाच चढाईत तिघाईले घेऊन येतो."

आणि तो जातो. सर्वात दमलेला असताना, सर्वात लांब. दोन्ही वर्षी शेवटी अडकला तोच. दोन्ही वर्षी शिव्याही त्यानेच खाल्ल्या.

उत्तर चढाईत नाहीच

इथपर्यंत ऐकून मला वाटलं, उपाय म्हणजे आणखी दणकट चढाईपटू. सिएटलवाल्यांना अजूनही हेच वाटतं ना, लिंचला बॉल दिला असता तर! सरांनी यंदा मात्र वेगळंच बघायला सुरुवात केलीय. मोबाइलवर शूट केलेल्या जुन्या मॅचेस त्यांनी पोरांना पुन्हा दाखवल्या. आपली चढाई नाही, समोरच्याची.

कारण कबड्डीत एक चढाई तुमची, एक त्यांची. तीन उरले तरी त्यांना त्यातलाच एक तुमच्याकडे पाठवावा लागतो. दोन उरले, तरी पाठवावा लागतो. एकच उरला, तर त्याला स्वतःच यावं लागतं. आणि नुसतं मध्यरेषेवर नाचून परत जाता येत नाही. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. म्हणजे ज्या शिकारीसाठी आपण त्यांच्या गुहेत जातो, ती दर मिनिटाला आपणहून आपल्या दारात येते! तिथे आपले सातजण आहेत. पकड झाली तर एक गुण, त्यांचा एक कमी, आणि अव्वल पकडीची भीती नाही.

मग व्हिडिओत ही पोरं काय करत होती? मागे सरकून उभी. सगळ्यांचं लक्ष आपल्या पुढच्या चढाईवर. समोरचा एकटा यायचा, सातजण आहेत म्हणून जिवंत असलेल्या बोनस रेषेवर आरामात पाय टेकवायचा, गुण घ्यायचा, चालता व्हायचा. 'बोनसच गेला ना, जाऊ दे, आता लोणच देऊ' असं म्हणत असे तीन-चार बोनस गेले, की आघाडीच गेली.

लोण देणं हे चढाईपटूचं काम आहे, असं संपूर्ण टीमने गृहीत धरलं होतं. दुखणं एवढंच होतं. इतकी वर्षं सगळे त्या एका पोराच्या पायांत ते शोधत होते.

जुन्या काळी कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार खेळले जायचे. गामिनीत बाद झालेला गडी परत यायचाच नाही. समोरचे सगळे बाद होईपर्यंत खेळ चालायचा, त्यामुळे शेवटचा गडी कसा संपवायचा हीच खरी विद्या होती. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. प्रत्येक चुकीची चढाई समोरच्याच्या एका मेलेल्या गड्याला जिवंत करते. घाईला इथे शिक्षा आहे, ती नियमातच लिहिलेली.

प्रॅक्टिस कुणाची करतो आपण?

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरच घडत होती. सराव सुरू झाला की सात विरुद्ध सात. लोण जवळ आला की वेळ संपलेली, अंधार पडलेला, कुणाला एसटी गाठायची, कुणाला मोटार सुरू करायला शेतात जायचं. मॅचमधला सगळ्यात अवघड भाग सरावात कधी येतच नव्हता. त्यात सराव मातीवर आणि मोठी स्पर्धा मॅटवर. मातीत पाय थोडा घसरतो, त्या घसरणीचा अंदाज अंगात मुरलेला असतो. मॅटवर शूज घालून पाय जागच्या जागी थांबतो आणि घोटा नेमका तेवढाच वेळ समोरच्याच्या हाताशी राहतो.

यंदा सरांनी क्रम उलटा केलाय. आधी पळून दमायचं, मग लगेच एकाविरुद्ध तीन. मग तीनजणांच्या टीमचा एकटा चढाईपटू आणि समोर सातजण. बोनस द्यायचा नाही, एवढीच अट. चढाईला स्टार जाणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या पोरांनी जायचं. आणि रिकामी चढाई करून परत आलेल्याला कुणी हसायचं नाही. ही शेवटची अट पाळणं सगळ्यात जड जातंय म्हणे!

नाशिकची कोच, इराणचं गोल्ड

धीर धरणं हेही स्किल आहे, याचा पुरावा हवा असेल तर २०१८च्या जकार्ता एशियन गेम्सकडे बघा. एशियाडमध्ये कबड्डी १९९०ला आली, तेव्हापासून २०१४पर्यंत भारताच्या पुरुष संघाने प्रत्येक वेळी गोल्ड आणलं होतं. जकार्तात ते इराणकडून सेमीफायनललाच २७-१८ हरले. महिलांची फायनलही इराणनेच २७-२४ने जिंकली. इराणच्या मुलींची कोच कोण? नाशिकच्या शैलजा जैन. मुलींशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या आणि सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायाम आणले. ज्या खेळाचं चलनच 'दम' आहे, तिथे श्वास शिकवण्याइतकी प्रॅक्टिकल गोष्ट दुसरी कुठली?

फायनल्सचे आकडेही बोलके असतात. २०२३च्या हांगझो एशियाडमध्ये भारताच्या महिलांनी चायनीज तैपेईला हरवलं ते २६-२५ असं. १ मार्च २०२४ला अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली ती २८-२५ अशी. एक गुण, तीन गुण. म्हणजे 'जाऊ दे'वाले तीन बोनस हेच कधी कधी अख्खं विजेतेपद असतं.

दोन गुणांची किंमत

आपल्यासाठी हे सगळं वीकेंडचं टाइमपास वाचन आहे. तळेगावच्या पोरांसाठी नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी मोठ्या स्पर्धेचं सर्टिफिकेट लागतं आणि मोठ्या स्पर्धेचा रस्ता अशाच छोट्या स्पर्धांमधून, विद्यापीठाच्या टीममधून जातो. जितक्या मॅचेस पुढे जाल, तितकी सिलेक्टर्सची नजर पडणार. पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर पडलेल्या टीममधला पोरगा कितीही चपळ असला तरी तो कुणाला दिसणार?

शेवटच्या वर्षाचा तो चढाईपटू पहाटे पोलीस भरतीसाठी धावतो, दिवसा कॉलेज, संध्याकाळी कबड्डी. घरी थोडी संत्र्याची बाग आहे, पण बागेचं काही खरं नाही. एक गारपीट झाली की वर्षाचा हिशेब साफ. "माह्या बापाले कबड्डी समजत नाही," तो म्हणाला. "त्याले सर्टिफिकेट समजते." त्याच्यासाठी लोण म्हणजे दोन जादा गुण नाहीत. ती घराच्या खर्चाची गोष्ट आहे. इतकं ओझं घेऊन ३० सेकंदांत तिघांना आणायला निघालेला माणूस घाई करणार नाही तर काय करणार?

म्हणूनच मला सरांचा उपाय आवडला. त्यांनी त्या पोराला हिंमत, जिगर, किलर इन्स्टिंक्ट वगैरे भाषणं दिली नाहीत. त्याच्या एकट्याच्या डोक्यावरचं ओझं सातजणांत वाटून टाकलं.

मी निघाले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती आणि एकाविरुद्ध सात हा नवा सराव रंगात आला होता. एकटा चढाईपटू आत आला, निदान रेषा ओलांडून बोनसकडे झेपावला. या वेळी मागे कुणी सरकलं नाही. डाव्या कोपऱ्यातून कुणीतरी घोटा धरला आणि बाकीचे धावून गेले. मातीचा ढिगारा उठला तेव्हा त्यात सगळ्यात खाली, समोरच्याच्या कमरेला मिठी मारून, हाच शेवटच्या वर्षाचा चढाईपटू होता. पकड त्याची नव्हती, गुणही त्याच्या नावावर लागणार नव्हता. उठून त्याने आधी कोपऱ्यातल्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडला, "आता दोनच रायले बे!"

स्पर्धा पावसाळा संपल्यावर आहे. त्याचं हे शेवटचं वर्ष. तोवर रोज संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, समोरचे फक्त तीन.